खारघर ते श्रीवर्धन: कॅन्सरनंतर कोण किती जगतं?

रायगड जिल्ह्यात पंधरा तालुके आहेत. त्यांतल्या पनवेल तालुक्यात, खारघरला, टाटा स्मारक केंद्राची ‘अॅक्ट्रेक’ ही संस्था आहे. कॅन्सरवरचं अव्वल दर्जाचं संशोधन आणि उपचार एकाच आवारात होतात, अशा देशातल्या मोजक्या जागांपैकी ही एक. ऑगस्ट २०२३ पासून तिथे प्रोटॉन किरणांचे उपचारही मिळू लागले. देशाच्या सरकारी क्षेत्रातली ही अशी पहिलीच सोय. त्याच जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला श्रीवर्धन तालुका आहे. दिवेआगर, हरिहरेश्वर, बागमांडला. पुढे बाणकोटची खाडी ओलांडली की रत्नागिरी जिल्हा लागतो. जिल्हा एक, जिल्हाधिकारी एक. तरीही खारघरच्या इमारतीत राहणारी बाई आणि श्रीवर्धनच्या वाडीत राहणारी बाई या दोघींना एकाच महिन्यात स्तनात गाठ लागली, तर पाच वर्षांनी दोघी सारख्याच हयात असतील असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. या लेखाचा विषय तो फरक आहे.

खेड्यात कॅन्सर कमी, हा आपल्याकडचा जुना समज. स्वच्छ हवा, ताजी मासळी, अंगमेहनत, शांत झोप ही त्याची कारणं म्हणून सांगितली जातात. नोंदीही वरवर त्याला दुजोरा देतात. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रमाचा २०२० मध्ये प्रसिद्ध झालेला अहवाल पाहा. वयाचा फरक काढून टाकल्यावर उस्मानाबाद आणि बीड या जिल्ह्यांत दर लाख पुरुषांमागे वर्षाला ३९.५ आणि दर लाख स्त्रियांमागे ४९.४ नवे रुग्ण नोंदले गेले. देशातल्या सगळ्या नोंदणी केंद्रांत हे आकडे सर्वांत कमी होते. मुंबईत हाच आकडा पुरुषांत आणि स्त्रियांत शंभराच्या वर आहे. म्हणजे शहरात कॅन्सर दुप्पट किंवा त्याहून जास्त.

आता मृत्यूचे आकडे घ्या. टाटा स्मारक केंद्राचे डॉ. राजेश दीक्षित आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये देशभराचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. घरोघर जाऊन, मरण पावलेल्या माणसाला शेवटच्या दिवसांत काय काय होत होतं हे घरच्यांना विचारून, त्यावरून डॉक्टरांनी मृत्यूचं कारण ठरवायचं, अशी त्याची पद्धत होती. २०१० या एका वर्षात देशात कॅन्सरने साडेपाच लाखांवर माणसं गेली, असा अंदाज त्यातून निघाला. त्यातली ७१ टक्के ३० ते ६९ या वयातली, म्हणजे घर चालवणारी. याच वयोगटात दर लाख पुरुषांमागे मृत्यू खेड्यात ९५.६ आणि शहरात १०२.४ होते. स्त्रियांमध्ये खेड्यात ९६.६ आणि शहरात ९१.२. जवळपास बरोबरी.

हे दोन्ही अभ्यास वेगवेगळ्या रीतीने झाले, त्यामुळे एकातून दुसरा वजा करून भागणार नाही. पण शेजारी शेजारी ठेवले तर डोळ्यांत भरल्याशिवाय राहत नाहीत. खेड्यात रोग निम्माच नोंदला जातो आणि मरण मात्र शहराएवढं येतं. याचे अर्थ दोनच निघतात. एक, खेड्यातले कितीतरी रुग्ण निदान न होताच जातात. दोन, ज्यांचं निदान होतं ते शहरातल्यांपेक्षा लवकर जातात. माझ्या मते दोन्ही खरं आहे, आणि दोन्हींचं मूळ एकच आहे. खेड्यातल्या माणसाचं शरीर वेगळं नसतं. त्याची वाट लांबची असते.

ही गोष्ट महाराष्ट्रात सगळ्यांत आधी, आणि सगळ्यांत चिकाटीने, बार्शीत मोजली गेली. मुंबईची कॅन्सर नोंदणी त्याहून जुनी. इंडियन कॅन्सर सोसायटीच्या वतीने डॉ. डी. जे. जस्सावाला यांनी ती १९६३ मध्ये उभी केली. शहराची पद्धत अशी की रुग्णालयांचे केसपेपर, पॅथॉलॉजीच्या प्रयोगशाळा आणि महापालिकेचे मृत्यूचे दाखले यांतून नावं गोळा करायची. खेड्यात ही पद्धत लंगडी पडते. जो माणूस रुग्णालयात गेलाच नाही त्याचा केसपेपर कुठून येणार? मृत्यूच्या दाखल्यावर तर ‘वार्धक्य’ लिहिलं की काम संपतं. म्हणून १९८७ मध्ये बार्शीच्या नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयाने, टाटाच्या मदतीने, वेगळी वाट धरली. बार्शी, परांडा आणि भूम या तीन तालुक्यांतल्या ३४६ गावांत कार्यकर्ते फिरू लागले. ते ठरावीक काळाने प्रत्येक गावात जात. सरपंच, ग्रामसेवक, शिक्षक, दाई यांना भेटत. कुणाला न भरणारी जखम आहे, कुणाची गाठ वाढतेय, कुणाला पाळी गेल्यावर पुन्हा रक्त जायला लागलंय, हे विचारत आणि अशा माणसाला तपासणीसाठी रुग्णालयात घेऊन येत. भारतातली ही पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी. डॉ. कस्तुरी जयंत आणि डॉ. भगवान नेने ही नावं या कामाशी कायमची जोडलेली आहेत.

या कामातून निघालेली एक गोष्ट आकड्यांच्या खटाटोपापेक्षा मोलाची होती. कार्यकर्ते गेले होते मोजायला. पण मोजण्यासाठी गावात बोलावं लागलं, आणि बोलल्यामुळे बायका लवकर येऊ लागल्या. गर्भाशयमुखाचा कॅन्सर पूर्वीपेक्षा अलीकडच्या टप्प्यात सापडू लागला. १९९५ मध्ये या मंडळींनी हे आंतरराष्ट्रीय नियतकालिकात मांडलं. नवं यंत्र नाही, नवं औषध नाही. फक्त कुणीतरी नियमित गावात येऊन विचारत होतं, तेवढ्याने रोग पकडला जाण्याची वेळ अलीकडे सरकली. रायगडच्या किनाऱ्याबद्दल बोलताना मला बार्शी पुन्हा पुन्हा आठवते ती यासाठी.

टप्प्याला एवढं महत्त्व का, हे एका ताज्या अभ्यासातून स्पष्ट होतं. देशातल्या अकरा नोंदणी केंद्रांत २०१२ ते २०१५ या काळात निदान झालेल्या स्तनाच्या कॅन्सरच्या रुग्णांचा मागोवा घेऊन राष्ट्रीय नोंदणी कार्यक्रमाने २०२४ मध्ये निष्कर्ष मांडले. गाठ स्तनापुरतीच असताना सापडली, तर पाच वर्षं जगण्याचं प्रमाण ८१ टक्के. काखेपर्यंत पसरल्यावर ६५.५ टक्के. हाडं, फुप्फुस, यकृत इथपर्यंत गेल्यावर १८.३ टक्के. रोग तोच, देश तोच. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचा असाच अभ्यास झाला. अहमदाबाद शहरात पाच वर्षांचं प्रमाण ६१.५ टक्के निघालं आणि त्रिपुरात ३१.६ टक्के.

कुणी म्हणेल, खेड्यातली माणसं मुळातच अशक्त, उपचार सोसत नाहीत. या शंकेला अमेरिकेतून आलेलं उत्तर फार बोलकं आहे. तिथेही ग्रामीण रुग्ण शहरी रुग्णांपेक्षा लवकर जातात, हे जुनं निरीक्षण होतं. मग जोसेफ उंगर आणि सहकाऱ्यांनी १९८६ ते २०१२ या काळात झालेल्या ४४ औषधचाचण्यांतल्या ३६,९९५ रुग्णांची माहिती तपासली. चाचणीत प्रत्येकाला ठरलेला उपचार, ठरलेल्या वेळी, ठरलेल्या देखरेखीखाली मिळतो, मग तो न्यूयॉर्कचा असो की मोंटानातल्या शेतावरचा. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा: एक अपवाद सोडला, तर जवळजवळ सगळ्या कॅन्सरांत खेड्यातले आणि शहरातले रुग्ण सारखेच जगले. उपचार सारखा मिळाला की फरक विरतो. श्रीवर्धनच्या बाईसाठी याहून आशेची बातमी नाही, आणि आरोग्य खात्यासाठी याहून मोठी जबाबदारी नाही.

आता ती बाई डोळ्यांपुढे आणा. ती कुणी एक नाही. किनाऱ्यावरच्या कुठल्याही डॉक्टरला, कुठल्याही आशाताईला अशा दहा जणी आठवतील. वय पन्नासच्या आसपास. नवरा बोटीवर जातो, मुलगा मुंबईला, सून आणि नातू घरी. आंघोळ करताना हाताला गाठ लागते. दुखत नाही, म्हणून ती कुणाला सांगत नाही. गाठ दुखत नाही तोवर तिला काही नाही, हा समज आपल्याकडे फार खोल रुजलेला आहे, आणि जीवघेणा आहे. कारण कॅन्सरची गाठ सुरुवातीला बहुधा दुखतच नाही. दोन-तीन महिने असेच जातात. मग जूनमध्ये मासेमारी बंद होते आणि नवरा घरी असतो, पण हाती पैसा नसतो. नारळी पौर्णिमेला बोटी पुन्हा सुटतात. गणपतीत मुलगा येतो, पण सणाच्या घरात हा विषय कोण काढणार? नवरात्रानंतर ती गावातल्या डॉक्टरकडे जाते. तो मलम देतो, गोळ्या देतो. पंधरा दिवसांनी पुन्हा जाते. शेजारीण सांगते, गाठीला सुई लावू देऊ नकोस, हात लावला की पसरते. ही भीतीही किनाऱ्यावर सगळीकडे ऐकू येते आणि तिला आधार नाही. तुकडा काढून तपासल्याशिवाय रोगाचं नाव कळत नाही आणि नाव कळल्याशिवाय उपचार सुरू होत नाही.

शेवटी तालुक्याच्या सरकारी रुग्णालयातून चिठ्ठी मिळते आणि घरात वाक्य उमटतं, ‘टाटाला न्यायचं.’ तिथून पुढची वाट अशी. श्रीवर्धनहून पहाटेची एसटी म्हसळ्यावरून माणगाव. तिथून मुंबई–गोवा महामार्ग. त्याच्या रुंदीकरणाचं काम २०११ मध्ये सुरू झालं आणि दहा वर्षं उलटून गेली तरी पुरं झालं नाही. सुट्टीच्या दिवशी माणगावच्या बाजारपेठेत गाड्या तासन् तास अडकतात. इंदापूर, कोलाड, नागोठणे, वडखळ, पेण, पनवेल. टाटाचं परळचं रुग्णालय गाठेपर्यंत दोनशेच्या घरात किलोमीटर होतात. तिथे पहिल्या दिवशी नोंदणी होते. दुसऱ्या खेपेला मॅमोग्राफी आणि तुकडा. तिसऱ्या खेपेला रिपोर्ट. चौथ्या खेपेला हाडांचा स्कॅन. पिशवीत प्लॅस्टिकच्या फायलीतले कागद वाढत जातात, सोबत येणाऱ्या मुलाच्या रजा संपत जातात. अलिबागकराला निदान मांडव्याची बोट आहे. मार्च २०२० पासून रो-रो सुरू झाल्यामुळे पावसाळ्यातही भाऊचा धक्का तासाभरात येतो. मुरूड, म्हसळा, श्रीवर्धनच्या माणसाला हा आधार नाही. त्याला मांडव्यापर्यंत येणं हाच एक वेगळा प्रवास. दिघी–आगरदांडा जंगल जेट्टीने खाडीचा वळसा वाचतो एवढंच.

निदान झालं म्हणजे निभावलं असं नाही. खरी कसोटी रेडिएशनची, ज्याला आपल्याकडे शेक किंवा लाइट म्हणतात. हा उपचार एका दिवसाचा नाही. आठवड्याचे पाच दिवस, रोज काही मिनिटं, असं तोंडाच्या आणि घशाच्या कॅन्सरमध्ये सहा-सात आठवडे चालतं. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमध्ये पाच आठवडे बाहेरून आणि नंतर आतून शेक, आणि ते सगळं आठ आठवड्यांच्या आत संपायला हवं. लांबलं की रोग परतण्याची शक्यता वाढते. यंत्राखाली जायचं दहा-पंधरा मिनिटं, आणि त्यासाठी महिना-दीड महिना मुंबईत राहायचं. खारघरचा माणूस हा उपचार घरून घेतो. श्रीवर्धनच्या माणसाला तेवढ्यासाठी घर सोडावं लागतं. मधेच उपचार सोडून गावी परतलेल्यांमध्ये त्रास सहन न झालेले काही असतात. पण राहायला जागा नव्हती, म्हणून परतलेलेही असतात.

इथे कोकणच्या माणसाची एक जुनी सोय आठवते. १९४१ मध्ये टाटा रुग्णालय परळला उभं राहिलं तेव्हा त्याच्या भोवती गिरणगाव होतं. लालबाग, परळ, शिवडी, नायगाव, काळाचौकी इथल्या चाळींत रत्नागिरी आणि तेव्हाचा कुलाबा, म्हणजे आजचा रायगड जिल्हा दाटीवाटीने राहत होता. गावाहून आजारी माणूस आला की कुणाच्या ना कुणाच्या दहा बाय बाराच्या खोलीत त्याची पथारी पडायची. गावकीच्या खोल्याही होत्या. रुग्णालयापर्यंत चालत जाता येई, जेवणाचा डबा घरचा. १९८२च्या गिरणी संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या, चाळींच्या जागी टॉवर आले आणि चाकरमानी विरार, नालासोपारा, बदलापूर, दिवा इथे फेकले गेले. आज परळला भाच्याची खोली नाही. भाचा बदलापूरला आहे, आणि बदलापूरहून सकाळच्या गर्दीत लोकलने रुग्णाला आणणं म्हणजे दुसरा आजार. गिरणगाव मोडलं त्याच्या हिशेबात बेकारी आणि जमिनी मोजल्या गेल्या. आजारी माणसाची पथारी कुणी मोजली नाही. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती यांनी वर्षानुवर्षं बाहेरगावच्या रुग्णांना छप्पर दिलं आहे, त्यांचे उपकार फार मोठे आहेत. पण देशभरातून येणाऱ्या लोंढ्याला त्या किती पुरणार?

मुंबईतल्या नातलगाच्या पत्त्याने आणखी एक गुंता होतो. रुग्णालयात पत्ता विचारला की सोयीसाठी मुंबईचा दिला जातो. नोंदणीच्या नियमाप्रमाणे माणूस किमान वर्षभर त्या ठिकाणी राहिलेला असेल तरच तो तिथला रहिवासी धरला जातो, आणि नोंदणीची माणसं त्याची खातरजमा करतात. तरी ज्या गावातून रोग निघाला त्या गावाच्या नावावर तो लागलाच पाहिजे, तर तिथे कुणी जाईल. पत्ता विचारला की गावचा सांगावा, ही साधी गोष्ट रुग्णाच्या घरच्यांनी लक्षात ठेवावी.

पैशाच्या बाबतीत रायगडला एक सुरुवात आधी मिळाली. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी राज्यातल्या ज्या आठ जिल्ह्यांत पहिल्यांदा लागू झाली, त्यांत रायगड होता. पुढे तिचं नाव महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झालं. शस्त्रक्रिया, केमो, रेडिएशन हे सगळं तीत बसतं. २०२३ मध्ये संरक्षण पाच लाखांपर्यंत वाढवण्याचा आणि सगळ्या शिधापत्रिकाधारकांना ती लागू करण्याचा निर्णय झाला. योजनेने हजारो घरं कर्जापासून वाचवली, हे मोकळेपणाने म्हटलं पाहिजे. पण ती रुग्णालयाच्या दारापासून सुरू होते. प्रवासाचा खर्च म्हणून रुग्णालयातून घरी परतण्याचं एक वेळचं एसटीचं किंवा रेल्वेच्या दुसऱ्या वर्गाचं भाडं त्यात आहे. कॅन्सरच्या रुग्णाला एसटीत आणि रेल्वेत सवलत आहे. त्यापलीकडचं सगळं, म्हणजे सोबतच्या माणसाची बुडालेली मजुरी, महिनाभराचं जेवण, बोटीवरचा गेलेला वाटा, घरातलं एक माणूस मुंबईत अडकल्यावर वाडीतल्या सुपारीला पाणी कोण देणार, हे कुठल्याच पॅकेजमध्ये बसत नाही. उपचार फुकट आणि उपचारापर्यंत पोचणं महाग, अशी अवस्था आहे.

वाट अचानक तुटली तर काय होतं, हे २०२०ने दाखवलं. मार्चमध्ये टाळेबंदी आली. ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आदळलं. श्रीवर्धन, मुरूड, अलिबागच्या बागा झोपल्या, घरांवरचे पत्रे उडाले, वीज किती दिवस आली नाही. देशातल्या ४१ कॅन्सर केंद्रांची त्या मार्च ते मेची आकडेवारी पुढे प्रसिद्ध झाली. आदल्या वर्षीच्या मानाने नवे रुग्ण ५४ टक्क्यांनी घटले होते, आणि मोठ्या महानगरांतल्या केंद्रांत घट जास्त होती. घरोघर कॅन्सर काही थांबला नव्हता. बाहेरगावचा रुग्ण पोचलाच नव्हता.

किनाऱ्यावरच्या रोगाचं एक कारण आपल्या हातातलं आहे, त्याबद्दल थोडक्यात बोलतो. मशेरी. तव्यावर तंबाखू काळी होईस्तोवर भाजायची, चुरायची, डबीत भरायची आणि सकाळी बोटाने दातांना, हिरड्यांना घासत बसायचं. मासळी बाजारात टोपली मांडून बसलेल्या बाईच्या कमरेला पैशांच्या पिशवीबरोबर ही डबी असते. दात साफ करायची वस्तू म्हणून ती घरात येते, त्यामुळे तिला कुणी व्यसन म्हणत नाही; दिवसातून तीन-चारदा लागू लागते तेव्हाही नाही. गुटख्यावर राज्यात २०१२ मध्ये बंदी आली, मशेरी तर घरच्या चुलीवर होते. सुपारीबद्दल बोलणं इथे अवघड आहे, कारण श्रीवर्धनची रोठा सुपारी हा इथल्या वाड्यांचा मान आणि उत्पन्न. तरी सांगणं भाग आहे की जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने २००४ मध्येच सुपारीला, तंबाखूशिवायही, माणसात कॅन्सर करणाऱ्या पदार्थांत धरलं आहे. बागायतदाराला पर्याय देणं हा सरकारचा आणि कृषी विद्यापीठाचा विषय, त्याचा बोजा त्याच्या एकट्याच्या डोक्यावर टाकून चालणार नाही.

मग करायचं काय? उत्तरं शोधायला परदेशी जावं लागत नाही, बरीचशी इथेच, आपल्याच खेड्यांत आणि वस्त्यांत सापडलेली आहेत. केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात डॉक्टर नसलेल्या, पण शिकवून तयार केलेल्या कार्यकर्त्यांनी घरोघर जाऊन बॅटरीच्या उजेडात लोकांची तोंडं तपासली. २००५ मध्ये निष्कर्ष आले: तंबाखू-दारूची सवय असलेल्यांमध्ये तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी झाले. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटाच्या डॉ. सुरेंद्र शास्त्री यांच्या पथकाने दहावीपर्यंत शिकलेल्या स्थानिक बायकांना चार आठवडे शिकवलं आणि त्यांनी गर्भाशयमुखाला सौम्य व्हिनेगर लावून तपासण्या केल्या. मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. आणि बार्शीच्याच मंडळींनी, शेजारच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, १९९९ पासून ३० ते ५९ वर्षांच्या १,३१,७४६ बायकांवर जगातला एक मोठा अभ्यास केला. गावांचे ५२ गट. काहींत हा कॅन्सर घडवणाऱ्या एचपीव्ही विषाणूची तपासणी, काहींत पेशींची पॅप तपासणी, काहींत व्हिनेगर, काहींत नेहमीची सोय. आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीने आठ वर्षांत गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आणले: तपासणीच्या गटात ३४ मृत्यू, न तपासलेल्या गटात ६४. न तपासलेल्या गटातल्या बायकांना तपासणीविना ठेवलं यावर पुढे कठोर टीका झाली, आणि ती टीका योग्य होती असं मला वाटतं. त्या बायकांच्या जिवावर मिळालेलं ज्ञान निदान वापरात तरी यायला हवं होतं. आजही ते पुरतं आलेलं नाही. २०१९–२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ३० ते ४९ वयाच्या बायकांपैकी आयुष्यात कधीही गर्भाशयमुखाची तपासणी झालेल्या देशात १.९ टक्के होत्या. स्तनाची ०.९ टक्के.

तिशीपुढच्या प्रत्येकाची तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाची तपासणी हा सरकारी कार्यक्रम कागदावर आहे. आशाताई घरोघर फॉर्म भरतात, उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी असतात. पण फॉर्म भरून झाल्यावर संशय आलेल्या बाईचं पुढे काय होतं, यावर सगळं अवलंबून आहे. तिला मुंबईची चिठ्ठी देऊन मोकळं होणं म्हणजे आधीच्याच वाटेवर सोडणं. अलिबागला आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तुकडा काढणं आणि तपासणं, केमोच्या पुढच्या फेऱ्या देणं, उपचारानंतरची तपासणी करणं हे अलिबागला आणि माणगावला झालं, तर मुंबईच्या किती खेपा वाचतील. शस्त्रक्रिया आणि रेडिएशनसाठीच मोठ्या केंद्रात जावं. रत्नागिरी जिल्ह्यात सावर्डे-डेरवणच्या वालावलकर रुग्णालयाशी हात मिळवून टाटाने गावपातळीवर काम केलेलं आहे, म्हणजे कोकणात हे जमत नाही असं म्हणायला जागा नाही.

उपचार छोटे करणंही शक्य झालं आहे, आणि ग्रामीण रुग्णाला त्याचा फायदा सगळ्यांत जास्त. स्तनाच्या कॅन्सरला पूर्वी पाच आठवडे शेक देत, आता बहुतेकींना तीन आठवड्यांत भागतं. ब्रिटनमधल्या २०२०च्या एका अभ्यासाने तर निवडक रुग्णांत पाच दिवसांतही तेवढाच गुण येतो असं दाखवलं. तोंडा-घशाचा कॅन्सर हाताबाहेर गेलेल्यांसाठी टाटानेच २०२० मध्ये एक अभ्यास पुढे आणला: घरी घ्यायच्या दोन स्वस्त गोळ्यांनी रुग्ण शिरेतून दिलेल्या सिस्प्लॅटिनपेक्षा थोडे जास्तच जगले, मध्यक साडेसात महिने विरुद्ध सहा महिने. दीड महिन्याचा हा फरक किरकोळ वाटेल. पण तो वेळ मुंबईच्या फुटपाथऐवजी आपल्या पडवीत गेला, हे ज्याच्या घरातलं माणूस गेलंय त्याला विचारा. डॉक्टरांना माझी विनंती आहे, रुग्ण मुरूड-श्रीवर्धनचा असेल तर उपचार ठरवताना त्याचं गाव केसपेपरवर ठळक लिहा आणि शास्त्राला धरून असलेला, कमी खेपांचा पर्याय आधी सांगा.

आणि जिल्हा परिषदेकडे, आमदार-खासदारांकडे तीन मागण्या आहेत. खारघर आणि परळ इथे रायगडच्या रुग्णांसाठी निवास. श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड, तळा इथून आठवड्यातून ठरलेल्या दिवशी थेट कॅन्सर रुग्णालयाच्या दारापर्यंत जाणारी गाडी. आणि जिल्ह्यातल्या प्रत्येक रुग्णाचा दूरध्वनीवरून पाठपुरावा करणारा एक माणूस, जो उपचार मधेच सुटला तर दुसऱ्याच दिवशी विचारेल, का आला नाहीत? यातली एकही गोष्ट प्रोटॉनच्या यंत्राएवढी खर्चिक नाही.

हा अंक हाती पडेल तेव्हा मुंबईतून, ठाण्यातून, पनवेलहून बरेच जण दिवाळीसाठी किनाऱ्यावर गावी आलेले असतील. घरातल्या मोठ्या बायकांना एकदा आडपडदा न ठेवता विचारा: स्तनात गाठ आहे का, पाळी बंद झाल्यावर पुन्हा रक्त गेलं का, अंगावरून वास येणारं पाणी जातं का? वडलांना, काकांना, मामांना खिडकीजवळ उजेडात बसवून तोंड उघडायला लावा आणि पांढरा किंवा लाल चट्टा, तीन आठवडे न भरलेला फोड, कमी उघडणारं तोंड दिसतंय का पाहा. काही आढळलं तर ‘सण होऊ दे’ म्हणू नका. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी परतीच्या गाडीत त्यांना सोबत घेऊन निघा.